आठ मार्कांचा पाऊस

‘‘तुम्हा मराठीवाल्यांचं बरं असतं बाई. निबंध दिसला की वरवर नजर टाकायची आणि मार्क देऊन मोकळं व्हायचं. आमच्या गणितात एक चिन्ह चुकलं तरी चार पायऱ्या मागे जाऊन शोधावं लागतं.’’

स्टाफरूममध्ये हे वाक्य मी गेली सव्वीस वर्षं ऐकतेय. म्हणणारी माणसं बदलली, काही रिटायर झाली, वाक्य मात्र तेच. मी हसून सोडून देते. आता ज्यांना खरंच असं वाटतं त्यांच्या हातात नववीच्या दोन तुकड्यांचे १२४ पेपर द्यावेत आणि म्हणावं, फक्त निबंध तपासा. एका निबंधाला चार मिनिटं धरली तरी सव्वाआठ तास होतात. चार मिनिटांत त्या मुलाचं अक्षर लावायचं, त्याला काय म्हणायचंय ते समजून घ्यायचं, चुका बघायच्या आणि आठपैकी किती ते ठरवायचं. त्यातून साडेचार द्यावेत की पाच, हा अर्ध्या मार्काचा घोळ! तो नुसत्या आकड्याचा घोळ असता तर काही वाटलं नसतं.

आमची शाळा जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. आजूबाजूला केळी आणि कापूस. वर्गातली निम्मी मुलं घरी अहिराणी बोलतात आणि शाळेत येऊन ‘प्रमाण’ मराठीत निबंध लिहितात. बोर्डाच्या पेपरांबद्दल बाहेर बोलायचं नसतं, तेव्हा त्याबद्दल इथे लिहिणार नाही. हे सगळं आमच्या शाळेच्या सहामाही-वार्षिकचं.

आमच्या गणिताच्या मॅडमना मी मागे एकदा एक गोष्ट सांगितली होती. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट नावाच्या दोघा संशोधकांनी शाळेतल्या मुलांच्या इंग्रजीच्या पेपरांच्या प्रती काढल्या आणि वेगवेगळ्या शाळांतल्या शिक्षकांना तपासायला पाठवल्या. १४२ शिक्षकांनी त्या तपासून पाठवल्या. शंभरपैकी मार्क द्यायचे होते. एकाच पेपरला कुणी साठीतले मार्क दिले होते, तर कुणी पंच्याण्णवच्या वर! पेपर तोच, मूल तेच. मॅडम म्हणाल्या, ‘‘बघा, म्हणूनच भाषेचं काही खरं नसतं.’’ मग मी पुढचं सांगितलं. पुढच्याच वर्षी त्या दोघांनी भूमितीचा पेपर पाठवला, तर तिथली तफावत आणखी मोठी निघाली. कुणी नुसतं उत्तर बघत होतं, कुणी पायऱ्यांना मार्क देत होतं, कुणी आकृती नीटनेटकी नाही म्हणून कापत होतं. मॅडम गप्प झाल्या, पण माझं कुतूहल जागं झालं. आपल्या स्टाफरूममध्ये काय होईल?

विषय होता ‘पावसाळ्यातील एक दिवस’. नववीतल्या एका मुलीच्या निबंधाची, नाव झाकून, मी झेरॉक्स काढली आणि आम्ही पाच भाषाशिक्षकांनी वेगवेगळं बसून आठपैकी मार्क दिले. चिठ्ठ्या उघडल्या. तीन, साडेचार, पाच, सहा आणि सात.

त्या निबंधात इंद्रधनुष्य नव्हतं. धरतीने हिरवा शालू नेसलेला नव्हता. कांदाभजीही नव्हती. त्या मुलीने लिहिलं होतं की पाऊस लागून राहिला की आईचा रोज बुडतो. चार दिवसांनी पाऊस उघडला, वाफसा झाला, आई निंदायला गेली आणि धाकट्या भावाला सांभाळायला ही घरी राहिली. शाळा बुडाली. संध्याकाळी आई आली तेव्हा तिच्या बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. तिला भाकर थापायला जमेना म्हणून मुलीने थापली. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. परिच्छेद एकच. शेवट असा नव्हताच, भाकरीवरच थांबला होता.

तीन मार्क देणाऱ्या सरांनी ‘निंदायला’ या शब्दाभोवती लाल गोल काढला होता आणि समासात प्रश्नचिन्ह. सर साताऱ्याकडचे. त्यांना वाटलं, आई कुणाची तरी निंदा करायला गेली! ‘‘मला कळेचना हो, पाऊस उघडल्यावर बाई निंदा करायला कशाला जाईल?’’ आम्ही हसून हसून लोळलो. निंदणी म्हणजे पिकातलं तण काढणं, हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘‘मग भांगलायला म्हणा की! आमच्याकडं भांगलण म्हणतात.’’ पुण्याकडच्या एक बाई म्हणाल्या, आमच्याकडे खुरपणी. एकाच महाराष्ट्रात एकाच कामाला तीन शब्द, आणि तिन्ही कामं बायकांच्याच अंगावर. असो.

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. शब्द कळल्यावर सरांनी तीनाचे साडेचार केले, तरी सात आणि साडेचार यांत अंतर उरलंच. ते का, यावर चहा गार होईपर्यंत बोललो तेव्हा कळलं की आम्ही पाचजण पाच वेगवेगळ्या गोष्टींना मार्क देत होतो. सर शुद्धलेखन बघत होते. एक बाई ‘वर्णन अपुरे’ म्हणाल्या, कारण त्यांना पावसाचं, निसर्गाचं वर्णन हवं होतं. एकीला सुरुवात-मध्य-शेवट हवा होता. चौथ्या सरांनी सहा दिले, पण कारण विचारल्यावर म्हणाले, ‘‘ओघ आहे.’’ आणि सात देणारी मी, भाकरीपाशी अडकलेली. चूक कुणाचीच म्हणता येत नाही. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या तीन शब्दांत तुम्हाला काय हवंय ते त्या मुलीला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही एकमेकांनाही सांगितलं नव्हतं.

अमेरिकेतच १९६१ साली डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचे ३०० निबंध त्यांनी ५३ वाचणाऱ्यांना दिले. त्यांत इंग्रजीचे प्राध्यापक होते, तसे वकील आणि संपादकही होते. निबंधांचे नऊ श्रेणींत गठ्ठे करायचे होते. एकाही निबंधाला पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या नाहीत! मग त्यांनी शोधलं की कुणाचं कुणाशी जमतं. तर वाचणाऱ्यांचे पाच गट पडले: विचार बघणारे, मांडणी बघणारे, शैलीवर भाळणारे, चुका मोजणारे आणि शब्दयोजना बघणारे. आमची स्टाफरूम जणू त्यांनी आधीच पाहून ठेवली होती.

तेव्हापासून मला ठाम वाटतं की निबंधाचे निम्मे मार्क प्रश्न काढतानाच ठरून जातात. आपण सगळी मेहनत तपासण्यावर घेतो आणि प्रश्न मात्र गेल्या वर्षीच्या पेपरातून उचलतो. ‘मी पाहिलेला समुद्रकिनारा.’ आमच्या गावापासून समुद्र किती लांब आहे, नकाशा बघा जरा. ज्यांचे काका-मामा मुंबईला आहेत त्यांनी समुद्र पाहिलाय, बाकीच्यांनी टीव्हीवर. म्हणजे त्या आठ मार्कांत आपण मुलाचं मराठी तपासतो की त्याच्या नातेवाइकांचा पत्ता? ‘मी केलेला विमानप्रवास’ तर विचारूच नका. ‘माझी आई’, ‘माझे बाबा’ हे विषय मी माझ्यापुरते बंद केलेत. साठ मुलांच्या वर्गात आई नसलेलं एखादं तरी मूल असतं. कापसाच्या पट्ट्यात वडील नसलेली किती असतात आणि का नसतात, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. त्या मुलाने परीक्षेच्या हॉलमध्ये, घड्याळ लावून, वीस मिनिटांत वडिलांवर काय लिहावं?

दुसरी गंमत आत्मकथनाची. २०१८ मध्ये दहावीचं पुस्तक बदललं, प्रश्नपत्रिकेची ‘कृतिपत्रिका’ झाली आणि शेवटी लेखनकौशल्य म्हणून आठ गुणांसाठी प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांपैकी एक, अशी सोय झाली. नववीलाही आम्ही तसंच काढतो. निवड असली की मुलांवर दडपण कमी येतं, हे खरंच. पण तपासणारीला मात्र तीन वेगवेगळ्या जातींची फळं एकाच तराजूत तोलावी लागतात. त्यात आत्मकथनाचा साचा तर इतका पक्का झालाय की काही विचारू नका. दरवर्षी साठेक फाटकी पुस्तकं, पडकी घरं आणि जखमी झाडं माझ्याशी बोलतात. प्रत्येक वेळी ‘अचानक एक आवाज आला, मी दचकून इकडे तिकडे पाहिले.’ रात्री साडेदहाला पन्नासावं मूल दचकलं की मीही दचकते. हा साचा निबंधाच्या पुस्तकातून येतो, क्लासच्या नोट्समधून येतो आणि आता मोबाइलमधूनही येतो.

त्यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. ज्याचं उत्तर त्या मुलाच्या घरातच आहे, असा प्रश्न विचारायचा. ‘पाणी वाचवा’ या विषयावर मी वर्षानुवर्षं ‘पाणी म्हणजे जीवन’ वाचत आले होते. गेल्या वर्षी सहामाहीला मी असं विचारलं:

‘तुमच्या घरी पाणी कुठून येतं, केव्हा येतं आणि कोण भरतं ते लिहा. एखाद्या दिवशी ते आलं नाही तर घरातल्या कुणाच्या कामावर काय परिणाम होतो? खरोखर घडलेला एक दिवस आठवून लिहा. आशय ४, मांडणी २, भाषा २.’

हेडमास्तरांना प्रश्न फार लांब वाटला. ‘‘पाच ओळी कशाला, मुलं गोंधळतील.’’ खरं तर मुलं लहान प्रश्नानेच गोंधळतात. काय हवंय ते कळलं नाही की मग ती सुविचारांकडे पळतात. शेवटची ती कंसाशिवायची मार्कांची वाटणीही त्यांना पटली नव्हती, पण ती ठेवली. कशाला किती मार्क, हे मुलाला आधी माहीत असायला काय हरकत आहे? आपण भाजी घेताना भाव विचारूनच घेतो ना?

निबंध आले ते वाचताना मी दोनदा चहा विसरले. बहुतेक मुलग्यांनी लिहिलं, नळ चौथ्या दिवशी येतो, आम्ही मोटर लावतो, टाकी भरते. संपलं. मुलींच्या निबंधात घड्याळ होतं. नळ पहाटे साडेचारला येतो, पाऊण तास असतो. आधी पिण्याचं, मग ड्रम, मग हंडे-कळश्या, मग बादल्या. मोटर शेजारच्यांनी लावली की आपली धार बारीक होते. परीक्षेच्या दिवशी नळ आला तर मोठी बहीण भरते, पण तिचं लग्न झाल्यापासून परीक्षा असली तरी मलाच उठावं लागतं. एका मुलीने तर कोणत्या भांड्याला किती मिनिटं लागतात ते लिहिलं होतं. एका मुलाने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘पाणी कोण भरते हे मी पाहिले नाही, कारण तेव्हा मी झोपलेला असतो.’ त्या एका वाक्याला आशयात पूर्ण मार्क द्यावेत असं वाटलं. दिले नाहीत, कारण पुढे काहीच नव्हतं, पण वाटलं.

मोबाइलमधून उतरवलेले निबंध लगेच ओळखू आले. त्यांतली आई पहाटे तांब्याची घागर घेऊन विहिरीवर जाते आणि पक्षी किलबिलाट करतात. आमच्या गल्लीत विहीर नाही हो.

आता तपासण्याचं. मी काही फार वेगळं करत नाही, पण जे करते ते नेमाने करते. पहिले दहा निबंध हातात पेन न घेता वाचते. त्याने अंदाज येतो की मुलं साधारण कुठवर पोचलीत. मग नाव-नंबर दिसणार नाही असं पान दुमडते. सगळ्यांचा निबंध एकाच दमात तपासते, त्यामध्ये व्याकरण नाही की कविता नाही. व्याकरणात पैकीच्या पैकी मिळालेत हे दिसलं की निबंधही बरा वाटू लागतो. याला मानसशास्त्रात प्रभावळीचा परिणाम म्हणतात. एका गुणाचा उजेड बाकीच्यांवर पडतो. आणि अक्षर! मोत्यासारखं अक्षर असलं की आपण किती पाघळतो. ज्याचं अक्षर कोंबडीच्या पायांचं, त्याचा निबंध मी मोठ्याने वाचते. कानाला अक्षर दिसत नाही. घरचे म्हणतात, ‘‘आई परत एकटीच बोलतेय.’’ म्हणू देत.

भाषेचे दोन मार्क वेगळे काढल्याचा मोठा फायदा झाला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील तर तिथे कापा, पण त्यासाठी आशयाच्या चारांत हात घालायचा नाही. ‘निंदायला’, ‘रोज बुडला’, ‘वाफसा’ यांना चूक धरायचं नाही, हेही आम्ही पाचजणांनी आधीच कागदावर लिहून घेतलं. साताऱ्याच्या सरांनीच तो कागद सुवाच्य अक्षरात लिहिला आणि कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला. आता निबंध पाचजणांनी तपासला तर आमच्यात एक-दीड मार्काचाच फरक पडतो. शून्य कधी होणार नाही आणि व्हावा असंही मला वाटत नाही.

पेपर परत देताना नुसतं ‘छान’, ‘ठीक’, ‘प्रयत्न करा’ लिहिण्यात अर्थ नाही. कसला प्रयत्न करा? रूथ बटलर यांचा १९८८ चा इस्रायलमधला अभ्यास आहे. काही मुलांना नुसते मार्क दिले, काहींना नुसता शेरा आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती नुसता शेरा मिळालेल्यांत. मार्क आणि शेरा दोन्ही दिले तर मुलं आकडा बघतात आणि पान उलटतात. आपण नाही का, साडी आवडली तरी आधी किमतीची चिठ्ठी बघतो? म्हणून आता मी निबंध आधी शेऱ्यासकट परत देते. ‘दुसऱ्या परिच्छेदात आजी कुठून आली ते आधी सांग’ एवढाच शेरा. मार्क दोन दिवसांनी. ते दोन दिवस वर्गात अक्षरशः आंदोलन असतं.

आणि पालक? सगळ्यांना हे आवडतं असं अजिबात नाही. पाण्याच्या निबंधानंतर एक आई भेटायला आल्या. मुलगा वर्गात दुसरा. आठपैकी पाच मिळाले होते. ‘‘मॅडम, एक तरी चूक दाखवा. मी स्वतः रात्री बसून त्याच्याकडून ‘पाण्याचे महत्त्व’ पाठ करून घेतलंय.’’ चूक खरंच नव्हती. भाषेचे दोनपैकी दोन, मांडणीचे दोन. आशयाचा एकच, कारण प्रश्नातल्या एकाही गोष्टीचं उत्तर त्यात नव्हतं. मी प्रश्न पुन्हा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, ‘‘आमच्याकडे पाणी मीच भरते. त्यात लिहायसारखं काय आहे?’’ मला काही सुचेना. पुढचा प्रश्न मात्र त्यांनी नेमका विचारला, ‘‘बोर्डात असा निबंध चालेल का? तिथे तपासणारे तुम्ही नसाल.’’ मी खोटं बोलले नाही. परीक्षकापुढे गठ्ठा असतो, वेळ ठरलेला असतो, आणि सफाईदार पाठ केलेला निबंध तिथे बऱ्यापैकी मार्क घेऊन जातो. दहावीत मुलांना साचाही यावा लागतो, आणि तो मी शिकवते. त्या समाधानाने गेल्या असं म्हणता येणार नाही. जाताना पेपर मात्र घरी नेऊ का, म्हणून विचारलं. पेपर शाळेत ठेवायचा असतो, म्हणून मी निबंधाच्या पानाची झेरॉक्स दिली.

यंदा मी मुलांनाच प्रश्न काढायला सांगितले. अट एकच, उत्तर पुस्तकात सापडता कामा नये. मजेमजेचे प्रश्न आले. ‘गॅस संपतो तो दिवस.’ ‘आमच्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं?’ ‘सायकलवरून शाळेत येताना रोज दिसणारा एक माणूस.’ यांतले दोन सहामाहीसाठी घेतले. एका चिठ्ठीवर होतं, ‘मला न विचारता माझ्याबद्दल ठरवलेली एक गोष्ट.’ अक्षर मुलीचं, नववीतलीच. आम्ही पाचजण बराच वेळ ती चिठ्ठी फिरवत बसलो. गणिताच्या मॅडमही येऊन बसल्या. ‘‘याला मार्क कसे देणार तुम्ही?’’ सरांनी विचारलं. आशय ४, मांडणी २, भाषा २ असं या प्रश्नाखाली लिहायला कुणाचाच हात होईना. शिवाय एखाद्या मुलीने खरंच काही लिहिलं आणि ते वाचून आपल्याला काही करावं लागलं तर? त्याची तयारी आहे का आपली?

तेव्हा तो परीक्षेत घेतला नाही. रफ वहीत लिहायला दिलाय, मार्क नाहीत, वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही असं वर्गात सांगितलंय. मुख्याध्यापकांना आणि समुपदेशनाचं ट्रेनिंग घेतलेल्या आमच्या एका बाईंना आधीच कल्पना दिलीय, आणि गरज पडली तर त्यांच्याशी बोलेन हेही मुलांना सांगितलंय. वह्या शनिवारी यायच्यात.